उपाशी मांडुळाचं वजन

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. सोलापुरात दोन माणसं भेटली की बोलणं अन्नावर यायचं. अशा दिवसांत प्राध्यापक विरुपाक्ष बिराजदार यांनी उपाशी राहण्यावर संशोधन करायला घेतलं. स्वतः उपाशी राहून नव्हे. सर दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटीभर आमटी व्यवस्थित घेत, आणि मग सुपारी कातरत मागच्या खोलीतल्या पेटीपाशी जाऊन बसत. उपाशी राहायचं काम पेटीतल्या मांडुळाकडे होतं.

मांडूळ म्हणजे साधा बिनविषारी साप. मनगटाएवढा जाड, तांबूस, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेपटी बोथट असल्यामुळे लोक त्याला दुतोंड्या म्हणतात, आणि त्यानं चाटलं तर अंगावर कोड फुटतं असं सांगून त्याला दिसताक्षणी दगड घालतात. बार्शी रस्त्यावर दुष्काळी कामाची माती उकरताना हे मांडूळ निघालं. मजुरांनी दगड उचलले होते, तेवढ्यात सरांच्या एका विद्यार्थ्यानं ते पोत्यात घातलं आणि गुरुदक्षिणा म्हणून आणून दिलं.

सरांना ते फार आवडलं. अन्नाशिवाय साप महिनोन्महिने कसा तगतो, त्याचा श्वास किती मंदावतो, काळीज किती सावकाश चालतं, वजन कसं उतरतं, हे सगळं मोजून एक प्रबंध लिहायचा त्यांनी ठरवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र जागा नव्हती. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब तालुक्याच्या दुष्काळ निवारण समितीवर होते, आणि प्रयोगशाळेत त्यांनी लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, सरकारी पोती रचून ठेवली होती. बेडकांच्या बाटल्या व्हरांड्यात आल्या होत्या. म्हणून सरांनी वाळू भरलेली लाकडी पेटी, वर जाळीचं झाकण, असा सगळा संसार बाळीवेशीतल्या आपल्या भाड्याच्या घरी हलवला.

घरात ईरम्मा होती. ती अक्कलकोटच्या बाजूची. तिचे वडील गावातल्या मठात दासोहाची व्यवस्था बघायचे, म्हणजे येईल त्याला जेवायला घालणं हाच त्यांचा आयुष्यभराचा धंदा. ईरम्मा लहानपणापासून पंगतीत वाढत आलेली. लग्नानंतर सरांनी तिला विज्ञानाची गोडी लावायचा एकदोनदा प्रयत्न केला होता, पण झुरळाचं चित्र बघून ती उठून गेली होती.

पेटी आली त्या दिवशी तिनं विचारलं, "ह्याला काय घालायचं?"

"काही नाही," सर म्हणाले. "तोच तर प्रयोग आहे."

"म्हणजे कधीच नाही?"

"ते मरायला आलं की बघू."

ईरम्मा स्वयंपाकघरात निघून गेली. पण मागच्या खोलीतूनच न्हाणीघराकडे जावं लागे. येता-जाता ते जाळीला तोंड लावून बसलेलं दिसे. ती सोमवारचा उपास करायची, पण तो उपास तिचा तिनं धरलेला. ह्याला कुणी विचारलं होतं? काही दिवस तिनं मान फिरवून जाण्याचा प्रयत्न केला. मग एके दुपारी सर कॉलेजात असताना तिनं झाकण जरासं उचलून वाटीत दूध ठेवलं. मांडुळानं दुधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीचा कुस्करा, तिसऱ्या दिवशी भिजवलेली हरभऱ्याची डाळ. सगळं तसंच राहिलं आणि सर यायच्या आत तिला ते उचलावं लागलं.

शेवटी रात्री जेवताना तिनं सहज विचारल्यासारखं केलं, "अहो, हे रानात असताना काय खातं?"

सरांचा घास हातातच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आज प्रथम बायको शास्त्राबद्दल विचारत होती. ते ताटावरून उठेपर्यंत बोलत राहिले. मांडूळ उंदीर खातं. नुसतं चावून नाही. आधी धरतं, मग वेटोळ्यात आवळतं, आणि दम गेला की डोक्याकडून गिळतं. एक चांगला उंदीर मिळाला की आठवडा निवांत. जिवंत हवा मात्र, मेलेल्याकडे सहसा वळत नाही. ईरम्मानं सगळं मन लावून ऐकलं. सरांना वाटलं, संसार आता मार्गाला लागला.

उंदरांना तर त्या वर्षी तोटा नव्हता. शेजारी सिद्रामप्पांचं धान्याचं दुकान होतं. दुकानातलं धान्य संपत आलं तसे तिथले उंदीर आजूबाजूच्या घरांत पसरले होते. ईरम्माकडे एक पिंजरा होता. लिंगायताच्या घरात जीव मारायचा नाही, म्हणून पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ती दूर ओढ्याकाठी नेऊन सोडायची. आता ओढ्याला पाणी नव्हतं आणि उन्हात तेवढं चालवतही नव्हतं. एके दिवशी ती पिंजरा घेऊन निघाली ती मागच्या खोलीतच थांबली.

तिनं झाकण उचललं, पिंजऱ्याचं दार पेटीवर उघडलं, झाकण लावलं आणि "शिवा, शिवा" म्हणत पुढच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. आतून एकदा चिरकल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही. ती उठली, डोक्यावरून आंघोळ केली आणि इष्टलिंगाची पूजा पुन्हा केली.

त्यानंतर हे नेमानं होऊ लागलं. उंदीर सापानं खायचा आणि आंघोळ ईरम्मानं करायची. नळाला दोन दिवसांआड पाणी येत होतं. रांजण लवकर रिकामा होतो म्हणून सर कुरकुरायचे.

"भर दुपारी कसली आंघोळ काढलीस परत?"

"उकडतंय," ईरम्मा म्हणायची.

सर दर रविवारी मांडुळाचं वजन करत. सुरुवातीचे काही आठवडे ते अगदी शास्त्राला धरून उतरत गेलं. सरांनी आलेखाच्या कागदावर उताराची रेघ काढली आणि ती इतकी सुबक होती की दोन-तीन सहकाऱ्यांना घरी बोलावून दाखवली. मग एका रविवारी वजन जिथल्या तिथं राहिलं. पुढच्या रविवारी ते वाढलं.

सरांनी आधी तराजूवर संशय घेतला. कॉलेजचा दुसरा तराजू आणला. तोही तेच म्हणाला. मग सिद्रामप्पांच्या दुकानातली तागडी मागून आणली. सिद्रामप्पा सोबत यायला तयार होते, पण सरांनी नको म्हटलं. तागडीचं वजन सिद्रामप्पांच्या हाताशिवायच बरोबर येई हे सगळ्या बाळीवेशीला माहीत होतं. तागडीनंही सांगितलं, मांडूळ जड झालंय.

याच सुमाराला वाळू बदलताना सरांना मांडुळाची विष्ठा दिसली, आणि तिच्यात बारीक करडे केस. सर ते हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग ते स्वतःशीच म्हणाले, "जुने असतील. आतड्यात अडकून राहिले असतील." आणि त्यांनी वाळूसकट ते उकिरड्यावर टाकून दिलं. त्या रात्री त्यांना झोप आली नाही, ती मात्र आनंदानं. कारण केस बाजूला काढले की उरत होता तो एक प्रचंड शोध: हे मांडूळ काही न खाता वाढत होतं.

शोधाला नाव हवं. सरांनी ते ठेवलं, 'बाष्पपोषण'. साप कातडीतून हवेतली वाफ शोषून घेतो आणि तिच्यावर पोसतो, असा तो सिद्धांत. कॉलेजच्या शिक्षकांच्या खोलीत त्यांनी तो मांडला तेव्हा पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक चहा पिता पिता म्हणाले, "पण सर, सोलापुरात एप्रिलमध्ये हवेत वाफ आहे कुठं? माझे ओठ फुटलेत."

"मांडुळापुरती आहे," सर म्हणाले.

त्यांनी प्रबंध लिहून मुंबईला एका शास्त्रीय मासिकाकडे पाठवला. तो अजून पोचला असेल नसेल, तेवढ्यात इथल्या एका दैनिकाच्या वार्ताहरानं बातमी छापली. मथळा ठळक होता: 'अन्नाविना वजनवाढ! सोलापूरच्या प्राध्यापकांचा जगावेगळा शोध.' खाली सरांचा फोटो, आणि फोटोत सरांच्या हातात फोटोग्राफरनं दिलेला रबरी नळीचा तुकडा, कारण खऱ्या मांडुळाला तो घाबरला होता.

बातमी आबासाहेबांनी वाचली. एरवी ते कॉलेजच्या बातम्या वाचत नसत, पण हिच्यात अन्न हा शब्द होता. टेंभुर्णीच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर त्या आठवड्यात मजुरांनी फावडी खाली टाकली होती. दुपारी कामावर मजुरांना खायला वाटायची सुकडी निम्मीच येत होती. सुकडी पोचवायच्या ट्रका आबासाहेबांच्या मेव्हण्याच्या होत्या, आणि वाटेत निम्मी कुठं जाते हे विचारणं बरं दिसत नव्हतं. आबासाहेबांनी सरांना बंगल्यावर बोलावलं.

"प्रोफेसर, हे खरंय का? काही न खाता वाढतंय?"

"आकडे तसं सांगतात."

"वा! मग लोकांना दाखवू या की."

"कुठल्या लोकांना?"

"टेंभुर्णीच्या कामावरच्या. अहो, नुसती ओरड करतात. एक मुका जीव तक्रार न करता कसा राहतो, हे डोळ्यांनी बघितलं की माणसाला जरा धीर येतो. तुम्ही शास्त्र सांगा, मी बाकीचं सांगतो. वार्ताहरालाही घेऊ गाडीत."

सरांना ते फारसं रुचलं नाही. पण आबासाहेबांनी पुढं असंही सांगितलं की दुष्काळ हटला की प्रयोगशाळेत एक स्वतंत्र सर्प विभाग काढता येईल, आणि त्याला प्रमुख लागेलच. सर घरी आले ते शीळ घालत.

"परवा सकाळी मांडूळ टेंभुर्णीला न्यायचंय," त्यांनी ईरम्माला सांगितलं. "जीपनं. भाषण आहे माझं."

"इतक्या लांब? एवढ्या उन्हात?"

"संध्याकाळी परत येऊ."

ईरम्माच्या माहेरी प्रवासाला निघालेल्या माणसाला उपाशी सोडण्याची पद्धत नव्हती. त्या दिवशी नेमका पिंजऱ्यात मोठा, दुकानच्या ज्वारीवर पोसलेला उंदीर सापडला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी सर भाषण पाठ करत ओसरीवर फेऱ्या मारत होते, तेव्हा मागच्या खोलीत मांडुळाची शिदोरी झाली.

टेंभुर्णीच्या पुढं माळावर तलावाचं काम होतं. पत्र्याची एक शेड, एक पाण्याचा टँकर, आणि उकरलेल्या मातीच्या ढिगांवर बसलेली दोन-तीनशे माणसं. बायकांनी डोक्यावर पदर ओढून घेतले होते. जीप आली तेव्हा कुणी उठलं नाही. मागून सुकडीचा ट्रक येतोय का, हे बघायला माना तेवढ्या वळल्या. नव्हता.

आबासाहेब शेडच्या सावलीत उभे राहिले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात कर्णा.

"बंधूंनो आणि भगिनींनो, संकट सगळ्यांवर आहे. माझ्याही घरी दोन भाज्या व्हायच्या, आता एक होते. पण माणसानं निसर्गाकडून शिकावं. आमच्या कॉलेजच्या प्रोफेसरसाहेबांनी एक जीव पाळलाय. मातीत राहतो, काही मागत नाही, संप करत नाही. आणि ऐका, काही खातही नाही. तरी त्याचं वजन वाढतंय!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. पुढं रंभाबाई नावाची एक मजूर बाई बसली होती. टोपलं उलटं घालून त्यावर बसलेली, हातापायांवर मातीचे थर. तिनं विचारलं, "कंचा जीव म्हनायचा सायेब?"

सरांनी पेटी उघडली. लोक उठून जवळ आले आणि मांडूळ दिसताच चार पावलं मागं सरले.

"आरं, दुतोंड्या हाय की ह्यो!"

"मग बराबर हाय," मागून एक म्हातारा म्हणाला. "येका तोंडानं उपास धरतोय आन् दुसऱ्यानं खातोय."

हशा झाला. सरांना अशा वेळी गप्प बसणं जमत नसे. ते पुढं झाले आणि दुतोंडी हा गैरसमज कसा आहे, ते दुसरं तोंड नसून शेपटी कशी आहे, हे समजावून सांगू लागले. सांगता सांगता त्यांनी मांडूळ दोन्ही हातांनी उचललं, आणि बोलायचे थांबले.

बोटांखाली, मांडुळाच्या पोटाशी, एक घट्ट गोळा लागत होता. सरांनी वीस वर्षं साप हाताळले होते. तो गोळा काय आहे हे त्यांच्या बोटांना डोक्याच्या आधी कळलं. पुढं पाय, मागं पाय, वळलेली पाठ. उकाडा, जीपचे धक्के आणि हाताळणं यांनी मांडूळ आधीच बेचैन झालं होतं. जेवलेल्या सापाला असं छेडलं की तो काय करतो, हेही सर दरवर्षी वर्गात शिकवत असत.

"आबासाहेब," ते हळूच म्हणाले, "ह्याला पेटीत ठेवू या. ऊन लागतंय."

"थांबा हो. मागच्यांना कुठं दिसलंय?" असं म्हणून आबासाहेबांनी कर्णा वार्ताहराच्या हातात दिला, धीर करून मांडुळाला मधोमध धरलं आणि डोक्याच्या वर उंच केलं. "बघा! नीट बघा! अन्नाचा कण नाही पोटात!"

मांडुळानं तोंड वासलं. अंगातून एक लाट पुढं सरकली, आणि एक भिजलेला, शेपटीसकट अख्खा उंदीर आबासाहेबांच्या सदऱ्यावरून घरंगळत धोतरावर, आणि धोतरावरून त्यांच्या पायताणावर येऊन पडला.

क्षणभर माळावर टँकरच्या तोटीतून गळणारं पाणी ऐकू येत होतं.

मग रंभाबाई म्हणाली, "अगं बया! उपास सुटला की!"

माळ फुटल्यासारखा हसला. बायकांनी पदर तोंडात घातले, बाप्ये एकमेकांच्या खांद्यावर पडले. आबासाहेबांनी मांडूळ सोडून दिलं, ते सरांनी कसंबसं झेललं. आबासाहेब एका पायावर उभे राहून दुसरा पाय झटकत होते आणि उंदीर काही निघत नव्हता.

"सायेब," रंभाबाई उठून उभी राहिली. आता ती हसत नव्हती. "असला उपास आमाला बी धरायचा हाय. लई दिस झालं, आमचं वजन काय वाढंना. ह्याला कोन घालतंय ते सांगा, आमी बी तितंच जातो की."

जीप आली त्याच्या दुप्पट वेगानं परत निघाली. वार्ताहर जीपमध्ये बसला नाही. तो मजुरांबरोबर थांबला, आणि संध्याकाळच्या एसटीनं येऊन त्यानं जे लिहिलं ते दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आलं. तिसऱ्या दिवशी टेंभुर्णीच्या कामावर सुकडी पूर्ण पोचली. दोन आठवडे पूर्ण येत राहिली. मग लोकांचं हसणं ओसरलं आणि ती परत निम्मी झाली.

जीपमध्ये आबासाहेब रुमालानं धोतर पुसत राहिले. सर सगळी वाट हे कुणी केलं असेल याचा विचार करत होते. विद्यार्थी? शेजारचं मांजर? पदार्थविज्ञानवाले? घरी पोचले तर ईरम्मा दारातच उभी. तिनं पेटीचं झाकण उचलून आत पाहिलं आणि विचारलं, "सोसला का त्याला प्रवास?"

सरांनी पेटी ओसरीवर टेकवली.

"तू?"

"व्हय."

"पहिल्यापासून?"

"दूध ठेवलं, डाळ ठेवली. खाईना. मग तुम्हीच सांगितलं की काय खातं ते."

"ईरम्मा, तू माझं संशोधन बुडवलंस. माझी अब्रू... अगं, मुंबईपर्यंत गेलाय तो लेख! निदान मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही पिंजरा फेकून दिला असता." ती पेटीतलं वाळूचं ढेकूळ बोटांनी फोडत होती. "आणि मला वाटलं, तुम्हाला कळलंच असेल. इतके शिकलेले तुम्ही. वजन वाढतंय, वाढतंय म्हणून नाचत होता. कुणीतरी घालतंय, एवढंही मनात आलं नाही तुमच्या?"

सर चपला काढून भिंतीशी लावू लागले. मग म्हणाले, "आलं होतं. केस सापडले होते मला वाळूत."

"मग?"

"टाकून दिले."

ईरम्मानं त्यांच्याकडे असं पाहिलं की सरांना आबासाहेबांची जीप परवडली असती. मग ती पाणी आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांचं बोलावणं आलं. त्यांनी धोतर बदललं होतं आणि डोकंही ठिकाणावर आलं होतं.

"प्रोफेसर, हा विरोधकांचा कट आहे. तसं लिहून द्या. मुद्दाम उंदीर कोंबला म्हणून."

"कट नाही, आबासाहेब. माझ्या घरातच घातला गेला."

"कुणी? बायकोनं?" आबासाहेबांना हसू आवरेना. "अहो, मग तर सोपंच आहे. बायकोचं नाव कशाला? भांडीवाली असेल ना कुणी? तिचं द्या. तिला कुणीतरी फितवलं म्हणायचं. चौकशी होईल, काढून टाकाल, मिटलं. तुमचा सिद्धांतही उभा राहील."

सिद्धांत उभा राहील, हे शब्द सरांच्या कानात घरापर्यंत वाजत राहिले. भांडी घासायला बसव्वा येत असे. विधवा, दोन घरांची कामं करणारी. सरांनी हे सगळं ईरम्माला सांगितलं ते सल्ला विचारल्यासारखं, पण आवाजात थोडी आशा होती.

ईरम्मा भाकरी थापत होती. ती थांबली नाही. "लिहा बसव्वाचं नाव. मग उद्यापासून भांडी तुम्ही घासा. मी त्या पेपरवाल्याकडे जाते. बातमीला आला तेव्हा तो पत्ता देऊन गेलाय."

सरांनी आबासाहेबांना नाही म्हणून कळवलं. ते धाडस होतं की भांड्यांची भीती, यावर कॉलेजात पुढं बरेच दिवस मतभेद होते. मुंबईलाही त्यांनी लेख मागं घेत असल्याचं कळवलं. तिकडून उत्तर आलं की असा लेख त्यांना मिळालेलाच नाही. सरांना याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

जूनमध्ये सरांची बदली संस्थेच्या बार्शीच्या कॉलेजात झाली. पेटी एसटीच्या टपावर चढवायला कंडक्टर तयार नव्हता, म्हणून आत नवं लोणचं आहे असं ईरम्मानं सांगितलं.

बार्शीत धान्याची मोठी बाजारपेठ. आडतीत उंदीर वाटेल तेवढे. सरांनी नव्या संशोधनाला हात घातला: मांडूळ खातं किती? या वेळी त्यांनी ईरम्मालाच सांगितलं, "आता तू उघड घाल. शास्त्रासाठीच घालायचंय."

"छे बाई," ती म्हणाली. "तेव्हा ते उपाशी होतं. आता तुमच्या नोकरीसाठी मी जीवहत्या करू? माझ्या हातून नाही व्हायचं."

मग सर स्वतः आडतीत जाऊन पिंजरे लावू लागले. व्यापारी त्यांना मानानं बसवून घेत, चहा देत, आणि पाठ वळली की उंदीरसर म्हणत. सरांनी दीड वर्ष सगळं नीट मोजलं आणि एक लेख छापून आणला. एका कोठारात उंदीर किती असतात, ते धान्य किती नासतात, आणि एक मांडूळ त्यांतले किती कमी करतं. लेखात सिद्धांत नव्हता. फारसा कुणी वाचला नाही.

आबासाहेबांनी मात्र वाचला. सोलापूरच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या मिलोच्या पोत्यांची तेव्हा चौकशी लागली होती. बरीच पोती हिशेबात होती आणि खोलीत नव्हती. आबासाहेबांनी चौकशी समितीपुढं सरांचा लेख ठेवला. धान्य उंदरांनी खाल्लं, असं आमच्याच प्राध्यापकांचं संशोधन सांगतं, म्हणाले. आणि सरांना निरोप पाठवला: साहेब बार्शीला येतील, विचारतील, व्हय म्हणा. सोलापूरला परत या, सर्प विभाग तयार आहे.

चौकशीचे साहेब आले. थकलेला, सभ्य माणूस. ईरम्मानं त्यांना जेवल्याशिवाय बोलू दिलं नाही. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "सर, मला एवढंच सांगा. इतकी पोती उंदीर खाऊ शकतील का?"

सर सुपारी कातरत होते. सोलापूर, सर्प विभाग, बाळीवेस, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग ते म्हणाले, "खाऊ शकतील. पण मग ते उंदीर आहेत कुठं? इतकं खाल्लेले उंदीर बिळात मावायचे नाहीत, साहेब. ते जीपमधूनच हिंडताना दिसतील."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. ईरम्मा आतून पाणी घेऊन आली, तीही हसत होती. सर चमकून दोघांकडे बघत राहिले. लोक हसतायत आणि ते आपल्याला हसत नाहीयेत, हा अनुभव त्यांना नवा होता.

साहेबांनी सरांचा हात हातात घेऊन निरोप घेतला. अहवालात त्यांनी उंदीरच लिहिले. त्यांची दोन मुलं सोलापुरात शिकत होती, आणि बदली त्यांनाही नको होती.